अय्यो रामा आणि कपाळावरचा चष्मा

लिहू की नको, लिहू की नको करत तीन आठवडे गेले. आज लिहूनच टाकतो. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

गणपतीत मी आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं एक चित्र काढलं. त्यावरून बराच गोंधळ झाला आणि शेवटी मी ग्रुपवर माफी मागितली. आपण सगळे मागतो तशी, "कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे" छापाची. त्या रात्री झोप लागली नाही. डोक्यात चेअरमन नव्हतेच. डोक्यात होते आमच्या जुन्या बिल्डिंगमधले, दुसऱ्या मजल्यावरचे मामा. त्यांचीही मी एकदा टिंगल केली होती, पन्नासेक वर्षांपूर्वी. त्याची माफी मात्र कधीच मागितली नाही, कारण कोणी मागायला सांगितलं नाही.

तिथूनच सुरू करतो.

साल १९७६. मी अकरा वर्षांचा. बोरिवली पूर्वेला आमची बिल्डिंग नवी होती, मागे सगळं मोकळं रान. मामा मूळचे पालघाटचे. फोर्टात स्टेनो होते. सकाळी डबा घेऊन स्टेशनला चालत जायचे, संध्याकाळी घामाघूम होऊन परत यायचे. बिल्डिंगमधली बाकीची बिऱ्हाडं बहुतेक मराठी, दोन-तीन गुजराती. दाक्षिणात्य घर एकच.

गणपतीत मुलांचे करमणुकीचे कार्यक्रम असायचे. मी नकलाकार म्हणून प्रसिद्ध! त्या वर्षी मी मामांची नक्कल केली. बाबांची चौकड्यांची लुंगी नेसलो, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले, आणि "अय्यो रामा, यंडुगुंडू" करत स्टेजभर नाचलो. मध्येच डोशाची काहीतरी गंमत होती. मंडप नुसता हसत होता. पहिल्या रांगेत मामा होते, तेही हसत होते. मला बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली.

पुढच्या वर्षी मामांनी वर्गणी वेळेवर दिली, पण करमणुकीच्या कार्यक्रमाला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. मला ते लक्षातही आलं नाही. लक्षात आलं माझ्या आईच्या, आणि तिनेही ते मला फार उशिरा सांगितलं.

२००४ च्या सुमारास मामा खूप आजारी होते. भेटायला गेलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि एकदम म्हणाले, "तुझी ती गणपतीतली नक्कल मला आठवते. नक्कल उत्तम होती. परंतु, बाळ, मी तसं बोलत नव्हतो."

एवढंच. राग नव्हता आवाजात. मीही "अहो मामा, तेव्हा मी लहान होतो" म्हणून हसण्यावारी नेलं आणि विषय बदलला. त्यानंतर काही महिन्यांनी ते गेले.

आता नीट आठवतो तेव्हा कळतं, ते खरंच तसं बोलत नव्हते. मामांनी मराठी पेपर वाचून मराठी शिकली होती. त्यामुळे ते छापील बोलायचे. दूधवाल्यालाही "कृपया उद्या अर्धा लिटर अधिक द्या" म्हणायचे. "पण" कधी नाही, नेहमी "परंतु". आणि त्यांचा "ळ"! तमिळमध्ये ळ आहे, त्यामुळे त्यांना तो सहज यायचा. आमच्यातलीच निम्मी पोरं शाळेला "शाला" म्हणायची आणि मामा जिन्यात उभे राहून ठणठणीत आवाजात सांगायचे, "बाळ, सावकाश खेळ." लुंगी तर मी त्यांना कधी नेसलेली पाहिलीच नव्हती. घरी पायजमा घालायचे.

मग मी कोणाची नक्कल केली होती? "पडोसन"मधल्या मेहमूदची! १९६८ चा तो सिनेमा आमच्याकडे गणपतीत रस्त्यात पडदा लावून दाखवला होता. लुंगी आणि भस्म तिथून आलं. "यंडुगुंडू" हवेतच होतं, सगळेच म्हणायचे. मामा माझ्या डोळ्यांसमोर रोज जिना चढत होते आणि मी त्यांच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

आपल्याकडे म्हणतात, नकलेलाही अक्कल लागते. मला वाटतं, अकलेच्याही आधी डोळे लागतात.

व्यंगचित्रांचं वेड मला लहानपणापासून आहे, त्यामुळे या शब्दांवर पुष्कळ विचार केलाय. इंग्रजीत कॅरिकेचर म्हणतात तो शब्द इटालियनमधून आला. मूळ क्रियापद "कारिकारे", म्हणजे भार घालणं, गाडीत माल लादणं. सोळाव्या शतकाच्या शेवटी बोलोन्याच्या कराची बंधूंनी गमतीने अशी चित्रं काढली, तिथपासून हा प्रकार नावारूपाला आला असं मानतात. नाक मोठं असेल तर त्यावर आणखी थोडा भार घालायचा.

मराठीत आपण त्याला अर्कचित्र म्हणतो. मला हा शब्द मूळ शब्दापेक्षाही आवडतो. यात लादणं नाही, गाळणं आहे. माणूस उकळायचा आणि तळाशी जे उरेल ते कागदावर उतरवायचं. एखाद्या कारट्याला आपण "हा एक अर्कच आहे" म्हणतो, तेव्हा तोच अर्थ असतो. असा दुसरा होणे नाही!

याच्या उलट असतो ठोकळा. ठोकळा बाजारात तयार मिळतो. लुंगीवाला मद्रासी, कंजूष मारवाडी, पान खाणारा भैया, "डिकरा" म्हणणारा पारशी. ठोकळ्याला शाई लावायची आणि समोर येईल त्याच्यावर उमटवायचा. माणूस बघावाच लागत नाही. उलट बघितला तर पंचाईत होते, कारण तो ठोकळ्यात बसत नाही.

तिसरा शब्द व्यंगचित्र. यातलं "व्यंग" फसवं आहे. व्यंग म्हणजे शरीरातला दोष. आणि संस्कृतातलं "व्यंग्य" म्हणजे सुचवलेला अर्थ, लेकी बोले सुने लागे असतं ना, तसा. चांगला व्यंगचित्रकार दुसऱ्या अर्थाने काम करतो, आळशी चित्रकार पहिल्या अर्थावर भागवतो. लंगडा, काळा, जाडा, बोबडा. ज्यात त्या माणसाचं कर्तृत्व शून्य आणि दोषही शून्य.

हे सगळं आपल्या मुंबईच्या इतिहासाला थेट भिडतं.

बाळासाहेब ठाकरे "फ्री प्रेस जर्नल"मध्ये व्यंगचित्रकार होते. काही काळ आर. के. लक्ष्मणही तिथेच होते. ती नोकरी सोडून ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० ला "मार्मिक" काढलं. प्रकाशन यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं. आमच्या घरी "मार्मिक" यायचं आणि मी रेषा काढायला शिकलो तो त्यातली चित्रं गिरवून. ठाकरे यांच्या रेषेबद्दल कोणी काही बोलू नये. ब्रिटनच्या डेव्हिड लोचा आदर्श त्यांच्यासमोर होता. ब्रशच्या चार फटकाऱ्यांत नेहरू, मोरारजी, इंदिरा गांधी उभ्या करायचे. पाठमोरा माणूससुद्धा ओळखू यायचा. तो खरा अर्क.

पण त्याच "मार्मिक"मध्ये दुसरंही काही चालू होतं. कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या. सदराचं नाव "वाचा आणि थंड बसा". पुढे त्याचं "वाचा आणि उठा" झालं. मराठी पोरांना आपल्याच शहरात नोकऱ्या मिळत नाहीत ही तक्रार खोटी नव्हती. माझ्या काकांनी ती भोगली आहे. पण नेत्यांची चित्रं काढताना जो हात एकेका माणसाला निरखत होता, त्याच अंकांमध्ये दाक्षिणात्य म्हटला की सरसकट लुंगी आणि "यंडुगुंडू". १९६६ ला शिवसेना आली, "हटाव लुंगी, बजाव पुंगी" आलं, उडुपी हॉटेलांवर दगड आले. मस्करीची कुस्करी म्हणतात ती अशी. कागदावरचा ठोकळा रस्त्यावर आला की त्याचा धोंडा होतो.

मामा तेव्हा नोकरी शोधत मुंबईत नुकतेच आले होते. त्या दिवसांबद्दल त्यांनी कधीच काही सांगितलं नाही. आणि दहा वर्षांनी त्यांच्याच बिल्डिंगमधलं अकरा वर्षांचं पोर, ज्याला ते पेन्सिली द्यायचे, लुंगी नेसून स्टेजवर आलं.

आता कोणी म्हणेल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? हसायचं आणि सोडून द्यायचं. मान्य. मग आपल्यावर आलं की बघू. हिंदी सिनेमातला मराठी माणूस आठवा. हवालदार, नाहीतर "मेरे कू, तेरे कू" करणारी भांडीवाली बाई. डॉक्टर, शास्त्रज्ञ, प्रोफेसर मराठी असले तर ते अपवाद. वर्षानुवर्षं. "घाटी" हा शब्द आपल्यापैकी किती जणांनी ऑफिसात हसत हसत ऐकून घेतलाय? तेव्हा आपण "आम्ही तसं बोलत नाही" म्हणतोच ना? भांडीवाली बाई असणं यात काही कमीपणा नाही. पण तिच्याकडेही कोणी बघितलेलं नसतं. तिच्या तोंडी तेच दोन ठरलेले शब्द.

आणि आपण मराठी माणसांनी आपल्याच माणसांचं काय केलं? कोकणातून येऊन मुंबईतल्या घरांमध्ये राबणारा गडी. नाव काहीही असो, त्याला सगळे "रामा" म्हणणार. नाटक-सिनेमात मालवणी बोली आली की समजायचं, गडी आला, आता हसायचं. मग १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं "वस्त्रहरण" आलं. गावातली मंडळी नाटक बसवतायत आणि बसता बसत नाहीये, एवढीच गोष्ट. अख्खं नाटक मालवणीत. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच! त्यात मालवणी माणसाची चेष्टा कमी आहे का? पुष्कळ आहे. इरसालपणा, भांडणं, बढाया, सगळं आहे. तरी परळ-लालबागची, विरार-नालासोपाऱ्याची मालवणी माणसं गर्दी करून पोट धरून हसली. पाच हजारांच्या वर प्रयोग झाले. कारण त्यातला एकेक माणूस बघून लिहिलेला होता. वाडीत असा एक असतोच, हे बघणाऱ्याला आतून पटायचं.

आमच्या पश्चिम उपनगरातलं उदाहरण द्यायचं तर पु. ल. पार्ल्यात वाढले, पार्ले टिळकमध्ये शिकले. "व्यक्ती आणि वल्ली"तला नारायण घ्या, लग्नघरात सगळ्यांची कामं अंगावर घेऊन धावणारा. किंवा रत्नागिरीचा अंतू बर्वा. अतिशयोक्ती आहेच. पण नारायणवर हसून झालं की आपल्याच घरातला एक दुर्लक्षित काका आठवतो आणि थोडी लाज वाटते. ठोकळ्यावर हसून झालं की काहीच आठवत नाही.

तर प्रश्न "हसू नये का" हा नाहीच. कोण कोणावर हसतंय, बघून हसतंय की न बघता, हा आहे.

याबाबतीत माझं स्वतःचं मत एकदा बदललेलं आहे, तेही सांगतो. २०१२ च्या मे महिन्यात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. चित्र शंकर यांचं, १९४९ चं. संविधान नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेत, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. पुस्तक तयार करणाऱ्यांमध्ये आपले प्रा. सुहास पळशीकर होते. त्यांनी आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले. पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या ऑफिसची तोडफोड झाली. मी तेव्हा तावातावाने म्हणत होतो, चित्राला काय घाबरायचं? संविधानाला उशीर होतोय, एवढंच तर म्हणायचंय.

एका मित्राने मला शांतपणे विचारलं, "तू वर्गात बसलायस, आडनावावरून सगळ्यांना तुझी जात माहीत आहे, आणि पुस्तकात बाबासाहेबांच्या मागे चाबूक घेऊन कोणीतरी उभा आहे. बाकीची मुलं तुझ्याकडे बघून हसतायत. तुला काय दिसेल?" मला उत्तर देता आलं नाही. पुढे २०१९ मध्ये उन्नमती श्याम सुंदर यांचं "नो लाफिंग मॅटर" आलं. ते स्वतः व्यंगचित्रकार. १९३२ ते १९४८ या काळात वर्तमानपत्रांनी बाबासाहेबांची काढलेली शंभराहून जास्त व्यंगचित्रं त्यांनी एकत्र केली आणि एकेका चित्राखाली तेव्हाचा संदर्भ दिला. एकटं चित्र बघताना जे कळत नाही ते शंभर चित्रं ओळीने बघताना कळतं. एवढा मोठा माणूस, पण काढणारे हात कुठल्या घरातले आणि बघणारे डोळे कुठल्या सवयीचे, ते दिसायला लागतं.

तोडफोडीने मला काही शिकवलं नाही. त्या पुस्तकाने शिकवलं. न बघता काढलेल्या चित्राला उत्तर द्यायचं तर असं, जास्त बघून, जास्त दाखवून.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे मार कोणत्या चित्राला पडतो? ठोकळ्याला पडतो का? "अय्यो रामा"ला मला कंपासपेटी मिळाली होती. मार पडतो तो खुर्चीवर रोखलेल्या चित्राला.

११ सप्टेंबर २०२०. आमच्या शेजारचं स्टेशन, कांदिवली. मदन शर्मा नावाचे नौदलातून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले गृहस्थ. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यावरचं एक व्यंगचित्र त्यांनी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलं. चित्र काढलंही नव्हतं, नुसतं फॉरवर्ड. त्यांना खाली बोलावण्यात आलं आणि सोसायटीच्या आवारात शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी त्यांना मारहाण केली. सीसीटीव्हीचं चित्रण सगळ्या देशाने पाहिलं. सुजलेला डोळा पाहिला. आरोपींना अटक झाली, लगेच जामीनही झाला. एका व्यंगचित्रकाराने उभ्या केलेल्या पक्षाचे कार्यकर्ते एका व्यंगचित्रासाठी म्हाताऱ्या माणसाला मारतायत, हे बघून मला, "मार्मिक" गिरवलेल्या पोराला, काय वाटलं असेल!

हे एकाच पक्षाचं दुखणं आहे असं कोणी समजू नका. २०१२ मध्ये कोलकात्यात अंबिकेश महापात्र या प्राध्यापकाला ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र ईमेलने पाठवलं म्हणून अटक झाली. त्यातून पूर्ण सुटायला त्यांना जानेवारी २०२३ उजाडावं लागलं. त्याच २०१२ च्या सप्टेंबरमध्ये, राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार असताना, असीम त्रिवेदीला मुंबईत अटक झाली. राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी त्याने लांडगे काढले होते. कलम राजद्रोहाचं! मुंबई हायकोर्टाने २०१५ मध्ये पोलिसांना समज दिली की हिंसेला चिथावणी नसेल तर कडक टीका म्हणजे राजद्रोह नव्हे. आणि मार्च २०२५, महायुतीचं सरकार. कुणाल कामराने एका हिंदी गाण्याचं विडंबन केलं, रोख उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर. खारमधला तो स्टुडिओ शिंदे यांच्या शिवसैनिकांनी फोडला आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेला तिथलं बेकायदा बांधकाम दिसलं.

ज्या भाषेत अत्र्यांनी शंभर वर्षांपूर्वी "झेंडूची फुले" लिहून मोठमोठ्या कवींची विडंबनं केली, आणि ज्या भाषेच्या तमाशात सोंगाड्या राजासमोर उभा राहून राजाचीच खेचतो, त्या भाषेच्या राजधानीत हे चाललंय.

फ्रान्सचा एक किस्सा मला फार आवडतो. १८३१ साली राजा लुई फिलिपची टवाळी केल्याबद्दल शार्ल फिलिपों या संपादकावर खटला चालू होता. त्याने कोर्टात चार चित्रं काढून दाखवली. पहिल्यात राजाचा चेहरा, दुसऱ्यात थोडा फुगलेला, तिसऱ्यात आणखी, चौथ्यात चक्क पेर. मग विचारलं, यातलं नेमकं कुठलं चित्र गुन्हा आहे? पेर काढणं गुन्हा आहे का? शिक्षा त्याला झालीच. पण पॅरिसच्या भिंतींवर पोरं खडूने पेर काढत सुटली. पुढे १८३५ मध्ये सरकारने कायदाच केला, चित्र छापण्याआधी परवानगी घ्या. राजाला फळाची भीती वाटायला लागली होती.

आता माझ्या पेरकडे येतो.

आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जायची आहे. दोन वर्षं एजीएममध्ये आम्ही काही जण सिंकिंग फंडाचा हिशोब मागतोय. चेअरमनचं उत्तर ठरलेलं, "फाइल सापडली की कळवतो." आणि त्यांची एक सवय आहे. चष्मा कपाळावर चढवतात आणि मग सगळ्या खोलीभर चष्मा शोधतात. मी तेवढंच काढलं. चष्मा कपाळावर, हातात टॉर्च, खुर्चीखाली वाकून शोधतायत. आणि खुर्चीवर, गादीखाली, "हिशोब" लिहिलेली फाइल.

एक सांगतो. चेअरमन थोडे लंगडतात. लहानपणी पोलिओ झाला होता. ते मी चित्रात घेतलं नाही. मोठेपणा म्हणून नाही. पायाचा हिशोबाशी काही संबंध नाही, चष्म्याचा आहे. आणि हेही लिहितो की लॉकडाऊनमध्ये याच माणसाने रात्री दोन वाजता माझ्या शेजाऱ्यांसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर मिळवला होता. माणूस वाईट नाही. हिशोब देत नाही, एवढंच.

चित्र मंडपातल्या बोर्डावर लावलं, फोटो ग्रुपवर टाकला. पहिला तास सगळे हसले. मग सुरू झालं. "सोसायटीची बदनामी." "देवाच्या मंडपात हे शोभतं का?" "लायकी बघून बोलावं." मग एक फोन आला. आवाज तरुण, अतिशय नम्र. "काका, तुम्ही सिनियर आहात म्हणून समजावतोय. चित्र काढून टाका. उगाच विषय वाढायला नको."

"उगाच विषय वाढायला नको." मी खिडकीतून खाली गेटकडे बघितलं. मला कांदिवली आठवलं. एक स्टेशन पलीकडे. चित्र उतरवलं आणि माफी टाकली. बायको म्हणाली, बरं केलंत. मुलगा अमेरिकेतून म्हणाला, बाबा, सोडा ना. मीही म्हटलं, सोडा.

रात्री मात्र मामा आठवले. "परंतु, बाळ, मी तसं बोलत नव्हतो."

चेअरमन असं म्हणाले नाहीत, मंडळी. "मी चष्मा कपाळावर ठेवत नाही" किंवा "फाइल माझ्याकडे नाही" असं कोणीही म्हणालं नाही. सगळे म्हणाले, काढायला नको होतं. चित्र चुकलं असं एकानेही म्हटलं नाही.

म्हणजे मी आयुष्यात दोन चित्रं केली. एक न बघता, जो उत्तर देऊ शकत नव्हता अशा माणसाचं. त्याला बक्षीस. दुसरं नीट बघून, खुर्चीवरच्या माणसाचं. त्याला माफी. आणि मला वाटतं, हे माझ्या एकट्याचं नाही. तुमच्या फोनमध्ये बघा. निवडणूक आली की किती ठोकळे येतात, अमुक जातीचे, तमुक धर्माचे, बिहारचे, गुजरातचे. आता तर मोबाइलला सांगितलं की तो दोन सेकंदांत हवा तो ठोकळा काढून देतो, हातही काळे होत नाहीत. आपण हसतो आणि पुढे पाठवतो. त्याची माफी कोणी मागत नाही. आणि खड्ड्यावर, टेंडरवर, हिशोबावर कोणी एक बारीकशी रेघ मारली, की आपणच त्याला सांगतो, "काका, उगाच विषय वाढायला नको."

तर दोन गोष्टी.

चेअरमनसाहेब, मी मागितलेली माफी परत घेतो. तुमच्या मनाला लागलं असेल तर घरी या, चहा घेऊ. मूळ चित्र तुम्हाला देईन, सही करून. पण हिशोब घेऊन या.

आणि मामा. तुमची मुलगी ही पोस्ट वाचते, मला माहीत आहे. तिच्याकडे आणि तुमच्याकडे, पन्नास वर्षं उशिरा. तुम्ही तसं बोलत नव्हता. तुम्ही "परंतु" म्हणायचात, आणि आमच्या सगळ्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात चांगला ळ तुमचा होता. मी बघितलं नाही. माझं चुकलं.

या वर्षी बऱ्याच दिवसांनी कागद घेऊन बसलो आणि मामांचं चित्र काढायचा प्रयत्न केला. जिना, डबा, पायजमा, पेपर. चेहरा काही जमत नाही. पण सोडलेलं नाही, काढतोय.